मनगटापासून एकशे ब्याण्णव मिलिमीटर

३ फेब्रुवारी
(ऑपरेशननंतरचा दिवस तेविसावा)

घाऱ्या,

आशीर्वाद लिहावा की नुसतं नाव, यात दहा मिनिटं गेली. शेवटी नुसतं नाव लिहिलं. डाव्या हातानं लिहितोय, तेव्हा अक्षराला हसू नकोस. शाळेत तुझं उजव्या हाताचं याहून वाईट होतं.

दुकान सोडून दुसऱ्या गावी गेलास आणि तिथून ताईकडे माझ्या हाताची चौकशी केलीस असं कळलं. चौकशी माझ्याकडे करायची. ती सांगताना निम्मं गाळते आणि तेवढंच स्वतःचं घालते. म्हणून नेमकं काय झालंय ते लिहितो.

उजव्या मनगटाच्या घडीच्या वर अकरा मिलिमीटरवर काच आडवी गेली. बोटं ओढणाऱ्या चार कंडरा तुटल्या आणि मधला मज्जातंतू आरपार तुटला. सगळे ‘नस तुटली’ म्हणतात. नसेतून रक्त जातं, यातून खबर जाते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची एक बाजू, एवढ्यांची खबर हा तंतू नेतो. म्हणजे सध्या माझ्या हाताला दीड बोट आहे. बाकीची नुसती लावलेली आहेत.

सर्जनबाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली तो शिवला. किती टाके, विचारलं. म्हणाल्या, “आठ.”

“आत तर हजारो धागे असतात म्हणे.”

“असतात. ते कुणालाच एकेक करून जोडता येत नाहीत. आम्ही वरचं आवरण जुळवून देतो. आतलं आत बघून घेतं.”

मला हे पटलं नाही. आतलं आत बघून घेईल म्हणून मी आयुष्यात काचेची एक कड अर्धवट सोडलेली नाही.

आता दुसरी गोष्ट. नियम तुला मीच शिकवलाय. दोघांनी काच उचलली की दोघांपैकी कुणीही ‘सोड’ म्हटलं, तर दोघांनी सोडायची आणि मागं व्हायचं. काच फुटते, माणूस राहतो. आणि कुणी म्हटल्याशिवाय जो सोडतो, त्याच्याबरोबर पुन्हा कुणी उचलत नाही. दवाखान्यात ताईसमोर आणि तुझ्या वहिनीसमोर तू म्हणालास, “दादा, तूच सोड म्हणालास.” मी म्हणालो नव्हतो. तू सोडलीस आणि काच माझ्या हातावर आली. एवढंच घडलं. माझ्याकडून हा विषय संपला.

दादा


१५ मार्च
(दिवस त्रेसष्टावा)

घाऱ्या,

उत्तर आलं नाही. पत्ता ताईनं दिलेलाच आहे, तेव्हा पत्र पोचलं असणार.

ग्रंथालयातून शरीरशास्त्राचं एक जाड पुस्तक आणलंय. आठवीपर्यंत शिकलेल्या माणसाला हे पुस्तक कशाला, असं तिथल्या बाईच्या तोंडावर होतं. मी तिला विचारलं, यात कण्याजवळच्या गाठींची आकृती कितव्या पानावर आहे? तिला माहीत नव्हतं. मला होतं, मागच्या आठवड्यात तिथंच उभ्यानं बघून ठेवलेलं.

तर ऐक. मज्जातंतू म्हणजे विजेची तार नव्हे. तुटलेली तार दोन्ही बाजूंनी जशीच्या तशी पडून राहते. इथं स्पर्शाच्या धाग्याची मूळ पेशी पाठीच्या कण्याजवळ बसलेली असते आणि तिथून एकच धागा बोटाच्या टोकापर्यंत येतो, जवळजवळ हाताएवढा लांब. तो मनगटाशी तुटला की कण्याकडचा भाग जगतो आणि बोटांकडचा सगळा मरतो. कितीही सुबक शिवा, मरतो. कुजतो म्हटलं तरी चालेल. मग तिथल्याच काही पेशी तो कचरा खाऊन साफ करतात आणि रिकाम्या झालेल्या नळीत ओळीनं उभ्या राहतात. वरून धाग्याला कोंब फुटतात आणि त्या ओळींच्या आधारानं पुढं सरकतात. म्हणजे जुनं सांधत नाही. जुनं आधी पूर्ण जावं लागतं आणि त्याच नळीतून नवं यावं लागतं. वेग साधारण दिवसाला एक मिलिमीटर. पहिले तीन-चार आठवडे काहीच होत नाही, ते वजा करायचे.

कापलं तिथपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत माझं माप एकशे ब्याण्णव मिलिमीटर. पोलादी पट्टीनं तीनदा घेतलं. हिशेबानं ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात टोक गाठायला हवं.

कोंब कुठवर आला ते बाहेरून कळतं. तंतूच्या वाटेवर डाव्या बोटानं टिचक्या मारत जायचं. जिथं मुंग्या येऊन बोटांत झिणझिण उतरते, तिथं कोंबाचं टोक. रोज तपासतो आणि जागा सरकली की तिथं शाईची रेघ ओढून तारीख टाकतो. आज चौतीस मिलिमीटर. तुझी वहिनी म्हणते, “हाताचं कॅलेंडर केलंत. आता भिंतीवर टांगून घ्या.”

परवा चहाच्या पातेल्याला तर्जनी टेकली होती. वास आला तेव्हा कळलं. फोड आलाय, दुखत नाही. आणखी एक गंमत तिनंच शोधली. पाण्यात हात बराच वेळ राहिला की कातडीला सुरकुत्या पडतात ना, त्या माझ्या करंगळीला पडल्या आणि या बोटांना नाही. “तुमची ही तीन बोटं म्हातारीच होत नाहीत हो,” म्हणाली. पुस्तकात बघितलं. खरं आहे. सुरकुती पाडायलाही मज्जातंतू लागतो.

दुकान दुपारी चारपर्यंत उघडं असतं. शेजारचा सुतार काच उचलायला येतो. धांदरट आहे, पण येतो.

दादा


३० एप्रिल
(दिवस एकशे नववा)

घाऱ्या,

एकोणऐंशी मिलिमीटर. तळहाताचा मध्य ओलांडतोय.

मधले अकरा दिवस रेघ जागची हलली नव्हती. मी पट्टी आणि वही घेऊन सर्जनबाईंकडे गेलो आणि स्पष्ट विचारलं, टाक्यात काही राहिलंय का. त्यांनी वही वाचली. सगळी वाचली, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

“तुम्ही काम काय करता?”

“काचेचं. कापणं, कडा घासणं, बसवणं.”

“म्हणजे मापाचं. इथं माप सरासरीचं असतं हो. हात रोज तुमच्या वहीप्रमाणं वागणार नाही.”

“वहीत चूक नाही.”

“मी कुठं म्हटलं वहीत आहे?”

बाराव्या दिवशी रेघ सरकली, एकदम तीन मिलिमीटर.

पुस्तकात पुढं आलंय की एकेका धाग्याला पुष्कळ कोंब फुटतात आणि चहूकडे चाचपडतात. एखाद्याला नळी सापडली की तो जातो, बाकीचे सुकतात. कुणालाच सापडली नाही तर तिथंच गुंता होऊन गाठ बसते आणि ती कायमची दुखते. माझ्या टाक्यापाशी गाठ नाही. मी रोज दाबून बघतो.

चष्मेवाल्या ठेकेदाराचा फोन आला होता. आपल्या वडिलांपासून ओळखतो तो, त्याची मोठमोठ्या दर्शनी काचांची कामं तुझ्याच गावात चाललीत. तू त्याच्याकडे गेला होतास म्हणे. “पोराचा हात कसा आहे?” विचारलं. मी म्हणालो, हात उत्तम आहे. खरंच आहे, घासकाम तुझं माझ्याइतकं नाही, पण कापणं चांगलं आहे. मग त्यानं विचारलं, “आणि त्या दिवसाचं काय ते?” मी जे घडलं ते सांगितलं, की त्यानं सोडली.

तुझ्याबद्दल वाईट एक शब्द बोललो नाही.

दादा


२१ जून
(दिवस एकशे एकसष्टावा)

घाऱ्या,

हे उजव्या हातानं लिहितोय. अर्ध्या पानानंतर अंगठा थकतो, तेव्हा मध्ये थांबलो तर अक्षरावरून कळेल. पेन धरलंय हे अजून डोळ्यांनी बघावं लागतं. नजर हलली की पेन पडतं.

एकशे सत्तावीस मिलिमीटर. अंगठ्याचं अंतर कमी, त्यामुळे अंगठा पुढं गेलाय. त्याचा पुरावा मंगळवारी मिळाला. आरसा पुसून उन्हात तिरपा धरला, तर कडेला एक ठसा. सुताराला म्हणालो, “हात पुसून लावत जा रे.” तो म्हणाला, “मी हातच लावला नाही अजून. तुमचाच असेल.” म्हटलं, माझा असूच शकत नाही. गेले पाच महिने माझ्या या बोटांना घाम नव्हता. घाम नाही म्हणून ठसा नाही. दिवसभर काच हाताळली तरी स्वच्छ. तीस वर्षं मी ज्या डागांसाठी सगळ्यांवर ओरडलो, ते माझे मला उमटवता येत नव्हते. मग भिंग घेऊन बघितलं. उजवा अंगठा. घामाच्या ग्रंथींपर्यंत धागा पोचला. मी तो ठसा पुसला नाही. गिऱ्हाईक बाई न्यायला आली तेव्हा तिनं पुसला आणि मला म्हणाली, “पुसायचं राहिलं होतं बघा.”

ताईचा फोन होता. तू गोदामात खोकी उचलतोस असं म्हणाली. चष्मेवाल्यानं तुला घेतलं नाही. गावातल्या बाकी दोघा काचवाल्यांनीही नाही. “त्यांच्यात एकाला कळलं की सगळ्यांना कळतं,” ती म्हणाली.

मी तिला सांगितलं, ठेकेदारानं विचारलं म्हणून मी सांगितलं. तू सोडलीस यात खोटं काहीच नाही.

अंगठा थकला.

दादा


२ ऑगस्ट
(दिवस दोनशे तिसरा)

घाऱ्या,

हे पत्र लांबणार आहे. आधी हाताचं.

रेघ एकशे अडुसष्टवर आहे, मधल्या बोटाच्या शेवटच्या पेरापाशी. हिशेबात आठवडाभराचा फरक पडला, जास्त नाही. सर्जनबाईंनी आता डोळे मिटून करायचा अभ्यास दिलाय. आपण डोळे मिटायचे आणि दुसऱ्या कुणी पेन्सिलीचं टोक बोटाला टेकवायचं. आपण सांगायचं, कुठं टेकलं. हे स्वतःचं स्वतः करता येत नाही, कारण हाताला नसलं तरी डोक्याला माहीत असतं.

तुझी वहिनी समोर पेन्सिल घेऊन बसली. मी डोळे मिटले.

“कुठं?”

“तर्जनी. मधलं पेर.”

“नाही.”

“अगं तर्जनी. स्वच्छ कळतंय.”

“मधलं बोट आहे.”

“नीट बघ.”

“मी बघतेच आहे. डोळे तुमचे मिटलेत.”

मी डोळे उघडले. पेन्सिल मधल्या बोटावर होती. मी बघत असताना तिनं पुन्हा टेकवली, आणि मला पुन्हा तर्जनीलाच लागली. दहा वेळा केलं. सहा वेळा चुकलो. सहाही वेळा मी ठाम होतो.

कारण पुस्तकात आहे. आवरण जुळवलं तरी आत कुठला धागा कुठल्या नळीत शिरेल ते कुणाच्या हातात नसतं. पूर्वी तर्जनीला जाणारा धागा माझ्या मधल्या बोटात जाऊन बसलाय. मेंदूला ते माहीत नाही. तो आपली जुनी यादी बघून सांगतो. मला वाटलं होतं, धागा टोकाला पोचला की काम संपलं. काम तिथून सुरू होतं म्हणे.

मी डोळे पुन्हा मिटले. तिनं पेन्सिल टेकवलीच नाही. म्हणाली, “एक विचारू? डोळे नका उघडू.”

“विचार.”

“तुम्ही सोड म्हणाला होतात का?”

मी म्हणालो, “आत्ता हे कुठून काढलंस?”

“सात महिने आतच आहे. भाऊजींना मी अठरा वर्षं बघतेय. उशिरा येतील, उधळेपणा करतील, उलट बोलतील. पण न सांगता सोडणार नाहीत.”

ती म्हणाली, “बोटाचं ठामपणे चुकता, तसं हेही चुकला असाल. तसं असेल तर तसं म्हणा. माझी हरकत नाही.”

तिनं मला वाट करून दिली होती. आठवणीत गफलत झाली म्हटलं असतं तर सगळ्यांनी मान डोलावली असती, पुस्तकानंसुद्धा.

मी म्हणालो, “चुकलो नाही. मला माहीत होतं.”

आता तुला सांगतो, क्रमानं. मी पाठमोरा चालत होतो. आपल्या दुकानाचं दार मला पाठ आहे म्हणून मागं बघितलं नाही. वरचा कोपरा चौकटीला लागला, हे माझ्या चालीनं झालं, तुझ्या नाही. तडा गेल्याचा आवाज आला आणि मी ओरडलो, “सोड!” स्पष्ट, मोठ्यानं. तू सोडलीस आणि एक पाऊल मागं झालास. शिकवलं होतं तसं. आणि मी धरून ठेवली. अकरा दिवस त्या काचेची कड मी हातानं घासली होती. खालची बाजू अजून शाबूत होती आणि मला वाटलं, तेवढी वाचेल. मनगटाच्या बचावाचा पट्टाही मी बांधलेला नव्हता. तुझा होता.

तू म्हणशील, धरलीस ते धरलीस, मग खोटं का बोललास. दवाखान्यात बोटं हलत नव्हती. हात गेला असं वाटत होतं, हात गेला म्हणजे धंदा गेला. त्यावर आणखी ‘आणि चूकही याचीच’ हे घ्यायची माझी तयारी नव्हती. तू बोललास, सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि तोंडातून ‘नाही’ निघालं. ती एका क्षणाची गोष्ट. पुढचं एका क्षणाचं नाही. तीन फेब्रुवारीचं पत्र मी शांतपणे, डाव्या हातानं, दीड तास बसून लिहिलं. एप्रिलमधला फोन तर मुद्दाम तोलून बोललो. खोटा शब्द एकही नाही, याची मी काळजी घेतली होती.

तुझ्या वहिनीला एवढं सगळं सांगितलं. मला स्वतःला बरं वाटावं म्हणून मी तिला सांगत होतो बहुतेक, कारण झाल्यावर मी हात पुढं करून म्हणालो, “चल, पुढचं बोट.”

तिनं पेन्सिल उचलून कानामागं ठेवली. म्हणाली, “मला सांगून काय उपयोग? माझं कुठं काम गेलंय? ज्यांना ज्यांना सांगितलंत, त्यांना त्यांना सांगून या. तोवर तुमच्या बोटाला मी हात लावणार नाही.”

“अगं, अभ्यास रोज करायचा आहे. खंड पडला तर—”

“मग लवकर करा.”

दादा


८ ऑगस्ट
(दिवस दोनशे नववा)

घाऱ्या,

यादी केली. सात माणसं निघाली. मला चार वाटली होती; बाकीची तीन तुझ्या वहिनीनं आठवण करून दिली.

ताईला सर्वांत आधी. ती ओरडली, मग रडली, मग म्हणाली, “तो काही बोलला नाही रे तुझ्याविरुद्ध. एकदाच म्हणाला, दादाला तसंच आठवत असेल.” हे तू म्हणालास हे मला माहीत नव्हतं.

सुताराला दुकानातच सांगितलं. त्याला आधी गोष्ट नीट कळली नाही. मग कळली.

“म्हणजे तुम्ही सोड म्हणता आणि स्वतः धरून बसता?”

“त्या दिवशी धरली.”

“मग आता तुम्ही सोड म्हणालात तर मी काय समजायचं? सोडायची की तुमच्या अंगावर येईल म्हणून धरायची?”

“सोडायची.”

“हां, पण तुमचं काय ते नक्की नाही ना.” तो काही रागानं बोलला नाही. टेबलाच्या उंचीचं मोजमाप घेतल्यासारखं बोलला. दुसऱ्या दिवशी चाकं लावलेली एक घोडी बनवून घेऊन आला. म्हणाला, “काच हिच्यावर उभी करायची आणि ढकलायची. उचलायची भानगडच नको.” चांगली केलीय. सांधे नेमके आहेत. दाराच्या उंबऱ्यावर मात्र ती अडते, आणि आपलं निम्मं काम उंबऱ्यापलीकडे असतं.

चष्मेवाल्याला काल फोन केला. तीन वेळा घंटा वाजेपर्यंत वाटलं, उचलू नये त्यानं. उचलला.

सगळं सांगितलं. चौकट, तडा, मी ओरडलो ते, मी धरली ते. त्याच्या मागं कुठंतरी काच घासायचं यंत्र चालू होतं. त्यानं कुणाला तरी ते बंद करायला सांगितलं.

“मग पोरानं बरोबर केलं की.”

“हो.”

“आणि एप्रिलमध्ये मी विचारलं तेव्हा?”

“तेव्हा मला माहीत होतं.”

“माहीत होतं आणि मला ते तसं सांगितलंस.”

“हो.”

“तुझ्या बापाबरोबर मी वीस वर्षं काचा उचलल्या. मागं वळून बघावं लागलं नाही कधी.” मग म्हणाला, “सोमवारी आठला पाठव त्याला. माझ्याकडे सहा जण आहेत, सगळ्यांना मी आधी सांगून ठेवतो, म्हणजे त्याला पुन्हा काही बोलावं लागणार नाही.” आणि म्हणाला, “राग मानू नकोस, पण त्याला मी घेईन. तुला घेतलं नसतं.”

मी म्हणालो, “बरोबर आहे.”

बाकीच्या चौघांनाही सांगून झालं. हाताचं शेवटचं: आजपासून अभ्यास पुन्हा सुरू झाला. दहापैकी पाच. सर्जनबाई म्हणतात, वर्षभर लागेल, आणि पूर्वीसारखं पूर्ण होईलच असं नाही. कड घासायला पुरेल एवढं होईल असा माझा अंदाज आहे. अंदाज म्हणतोय.

दुकान मी कापणं आणि घासणं एवढ्यावर चालवेन. बसवायची कामं घेत नाही. दुसऱ्या टोकाला माणूस लागतो आणि तो मागायला मला तोंड नाही. तू इकडे परत यावंस म्हणून हे लिहीत नाही. तिथं मोठं काम आहे, मोठ्या काचा आहेत, तुझा हात तिथं सुधारेल.

सोमवार, सकाळी आठ. पत्र उशिरा पोचेल म्हणून ताईला फोनवर कळवायला सांगितलंय, पत्ताही तिच्याकडेच आहे. तिथं नवीन माणसाला आधी विचारतात, काम कुणाकडे शिकलास. माझं नाव सांगायचं की नाही ते तू ठरव. इतकी वर्षं ते सांगितलं की पुढं काही विचारत नसत. आता विचारतील.

दादा